हौसाबाईची दिवेलागण

“मग तुझ्या घरात आता कोन काय करतं?” बुवांनी विचारलं.

“कुणीच काही करत नाही, बुवा. करायचं काही उरलंच नाही. सगळं घर करतं.”

“झाडलोट?”

“यंत्र आहे. आपलं आपण फिरतं, झाडतं, पुसतं आणि जागेवर जाऊन बसतं.”

“पानी?”

“टाकी रिकामी झाली की मोटर सुरू होते. भरली की बंद होते. कुणी बघायला नको.”

“दार?”

“तोंड बघून उघडतं.”

“कुनाचं तोंड?”

“आमचं. घरच्यांचं.”

बुवांनी मांडीवरच्या कापसातून चिमूटभर तोडला आणि गुडघ्यावर वात वळायला घेतली.

“बरं,” ते म्हणाले.

त्या ‘बरं’मध्ये कौतुक होतं की नव्हतं ते धैर्यशीलला कळेना. त्याला कौतुकाची सवय होती. लोकांची घरं शहाणी करून द्यायची हा त्याचा कोल्हापुरातला धंदा, आणि धंदा जोरात होता. गिऱ्हाईक आलं की तो त्याला दुकानात बसवून कागद दाखवत नसे, सरळ स्वतःच्या घरी घेऊन जाई. पाऊल टाकलं की दिवा लागे, ऊन चढलं की पडदा सरके, बाईमाणसाच्या गोड आवाजात घर ‘या, बसा’ म्हणे. गिऱ्हाइकाचं तोंड उघडंच राही, आणि त्या उघड्या तोंडातच सौदा होऊन जाई.

त्या नमुन्याच्या घरात धैर्यशीलची आई राहत होती.

हौसाबाई साळोखे. माहेर इथलंच, चाफेवाडीचं. लहानपणी ती या डोंगरावरच्या मठात झाडायला यायची. पुढे अनुग्रहही तिने इथेच घेतला. तेव्हा बुवा स्वतः कुणाचे तरी शिष्य होते आणि विहिरीचं पाणी ओढत होते. आता मठात ते एकटेच होते. नजर अधू झाली होती, पाठ वाकली होती, पण पाणी अजून तेच ओढायचे.

धैर्यशील गाडी खाली वडापाशी लावून चढून आला होता. धाप लागली होती, बुटांना लाल माती लागली होती, आणि मघापासून तो मोबाईल खिशातून काढून परत आत ठेवत होता.

“तुमच्या मठातही बसवून देतो, बुवा. पैशाचं नाव काढायचं नाही. पाण्याची मोटर, झाडायचं यंत्र, दिवे. तुमचा वेळ वाचेल.”

“वाचवून काय करू?”

“ध्यान करा. नामस्मरण करा.”

बुवांनी वळलेली वात उजेडाकडे धरून बघितली. एका टोकाला जाड झाली होती. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा वळायला घेतली.

 धैर्यशीलला राहवेना.

“बुवा, मी कशासाठी आलोय ते…”

“सांग की.”

“आई जेवत नाही.”

बुवांचा हात थांबला.

“कवापासनं?”

“बरेच दिवस झाले. आधी संध्याकाळचं सोडलं. ताट पुढे केलं की म्हणायची, अजून दिवस हाय. बाहेर काळोख झालाय आणि ही म्हणते, दिवस हाय. आम्ही वाद घातला, समजावलं. नाही म्हणजे नाही. मग सकाळचंही सोडलं.”

“सकाळचं का?”

“विचारलं मी. म्हणाली, कालची सांज झाली न्हाई, तर आजची सकाळ कुठली? अजून कालचाच दिवस चाललाय, असं तिचं म्हणणं.”

धैर्यशील हे सांगताना हसल्यासारखं करणार होता. गिऱ्हाइकांपुढे त्याला ते जमायचं. इथे जमलं नाही.

“चहा घेते थोडा. तेवढ्यावर आहे. अंगावर काही राहिलेलं नाही, बुवा. उचलून ठेवली तर ओझं लागत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याचाच आजार आहे, वयाने होतो. सोमवारी नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडायचं ठरलंय. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधावे लागतील म्हणतात.”

 घरी बायकोपुढेही त्याने हे शेवटचं वाक्य उच्चारलं नव्हतं.

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

“तुमचा शब्द ती मोडणार नाही.” त्याने पुन्हा मोबाईल काढला. आता तो परत ठेवायचा नाही, असं ठरवूनच काढला होता. “तुम्ही यात दोन शब्द बोला. ‘हौसाबाई, जेव.’ एवढंच. मी रेकॉर्ड करून घेतो. जेवायच्या वेळेला घर ते वाजवेल. रोज. तुमच्याच आवाजात.”

“म्हंजे मी याया नको?”

“नको ना. तुम्हाला कशाला त्रास?”

“आन् तू बसाया नको?”

धैर्यशील मोबाईलची काच बोटाने पुसत राहिला.

खालच्या गावात कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. ऊन तिरपं होऊन मठाच्या ओसरीवर आलं होतं. बुवांनी झालेली वात बाजूच्या ताटलीत ठेवली आणि पुन्हा कापूस घेतला.

“बोलतो,” ते म्हणाले. “पन इथली दिवेलागण झाल्यावर. तवर बस.”

“बुवा, मला परत कोल्हापूर गाठायचंय.”

“येळ वाचतो म्हनलास की तुझा.”

 धैर्यशील भिंतीला टेकून बसला. बसवत नव्हतं. मोबाईल उघडला, बंद केला, उपडा ठेवला.

“लई वाचतो?” बुवांनी विचारलं.

“पुष्कळ.”

“त्या येळात काय करतोस?”

प्रश्न साधा होता. हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारायचे, आणि धैर्यशीलकडे त्याचं पाठ उत्तर होतं: घरच्यांबरोबर राहता येतं, आवडीचं काही करता येतं, आयुष्य जगता येतं. ते उत्तर ओठापर्यंत आलं. समोर बुवा खाली मान घालून वात वळत बसले होते, आणि धैर्यशीलला ते उत्तर काही बाहेर काढता येईना.

“तसं… कामं असतातच,” तो म्हणाला. “झाडायच्या यंत्राच्या ब्रशात केस गुंततात, ते काढावे लागतात. परवा आईच्या लुगड्याचा काठ ओढून घेतला त्याने, तो कापावा लागला. मग ते यायच्या आधी खालचं सगळं उचलून ठेवायचं. चपला, पाट, वायरी.”

“म्हंजे झाडायच्या आधी आवरायचं.”

“हो. आणि मधेच इंटरनेट जातं. मग काही चालत नाही. एकदा दारच उघडेना. मी बाहेर उन्हात, आई आत. ती आतून म्हणते, कडी काढू का? दाराला कडीच नाही.”

“मग?”

“माणूस बोलावला.”

“आन् तुझी बायको काय म्हनती?”

“शुभदा?” धैर्यशील जरा अवघडला. “ती म्हणते, वाचतो वेळ. तुझा वाचतो.”

बुवांच्या मिशीत काहीतरी हललं. हसू होतं की नाही कुणास ठाऊक, म्हातारपणी मिशीच फार दाट झाली होती.

“आईला उघडतं का दार?”

“उघडायचं.”

“आता?”

“आता… चेहरा उतरलाय ना तिचा. गाल आत गेलेत. दार ओळखत नाही तिला.”

हे सांगून झाल्यावर धैर्यशील खाली जमिनीकडे बघत राहिला. दार ओळखत नाही हे त्याला कळलं त्या दिवशी त्याने दाराला तिचा आताचा चेहरा नव्याने दाखवून ठेवायचं ठरवलं होतं, आणि कामाच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. आत्ता पहिल्यांदा त्याला त्याची लाज वाटली.

बुवांनी ते ताणून धरलं नाही.

“तुझं घर बोलतं म्हनं.”

“बोलतं. आणि ऐकतंही. सांगाल ते करतं.”

“हौसाबाईचं ऐकतं?”

“तिचं बोलणं त्याला कळत नाही. तिची भाषा गावाकडची.” थोडं बरं वाटलं म्हणून तो सांगू लागला. “गंमत सांगतो, बुवा. ती त्याला म्हणते, ‘जरा डोळं मीट गं बाई.’ घर म्हणतं, ‘माफ करा, मला समजलं नाही.’ ही पुन्हा म्हणते, ‘मीट गं, लई येळ झाला.’ घर पुन्हा तेच. गिऱ्हाइकांना सांगितलं की पोट धरून हसतात.”

“तू?”

“मीही हसतो.”

…

“आन् तिला काय म्हनायचं आसंल?”

“काही नाही हो. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. काहीबाही बोलते.”

बुवांनी कापूस खाली ठेवला.

“दिवसभर काय करती ती?”

“बसून असते देवापुढे. मला दिसतं ना ऑफिसातून. देवघरात कॅमेरा लावलाय. सारखा बघत असतो मी तिला.”

“तिला तू दिसतोस?”

“…नाही.”

“बसून काय करती?”

“काहीच नाही. एका हातात काडेपेटी धरून बसते. रिकामी. काड्या आम्ही काढून घेतल्या. आणि दुसऱ्या हाताकडे बघते. असा हात पुढे धरते, बघते, खाली ठेवते. परत धरते. डॉक्टरांना दाखवलं मी ते. ते म्हणाले, या आजारात असं होतं, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतात.”

बुवांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की अधू नजरेमुळे तसं दिसत होतं, ते धैर्यशीलला कळलं नाही. पण त्यांनी घसा खाकरला आणि आवाज मघासारखा राहिला नाही.

“काड्या का काढून घेतल्या?”

“पदर पेटला तिचा. मागच्या वर्षी.” धैर्यशील आता सरळ होऊन बसला. या बाबतीत त्याची बाजू पक्की होती. “संध्याकाळचा दिवा ती स्वतः लावायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. दिवा लावल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. पण हात कापतो आता. आणि दिवा लावायचा म्हणजे एक का काम होतं? आधी समई चिंच लावून घासायची. मग वात वळायची. तेल घालताना सांडायचं, ते पुसायचं. काडेपेटी कुठे ठेवली ते शोधायचं. तिच्यापाशी कुणीतरी उभं राहायला लागायचं तेवढा सगळा वेळ. तिन्हीसांजेला. ऐन कामाच्या वेळी. अख्खी संध्याकाळ जायची, बुवा.”

“कोन उभं राहायचं?”

“मीच. शुभदा तेव्हा बँकेतून आलेली नसते.”

“आन् पेटला तवा?”

“तेव्हाही मीच होतो.” आवाज खाली आला. “फोन आला होता. मी जरा तिकडे तोंड केलं होतं.”

ऊन ओसरीवरून उतरलं.  धैर्यशीलच पुढे बोलू लागला.

“हाताला भाजलं थोडं. ते भरून आलं. पण मग मी धोका घ्यायचा नाही असं ठरवलं. देवापुढे विजेचा दिवा बसवला. आपोआप लागतो. मग अलीकडे घरातले सगळेच दिवे तसे केले. उजेड जरा उतरला की पडदे मिटतात आणि दिवे लागतात. कुठेही अंधार म्हणून राहत नाही. रात्रीसुद्धा तिच्या खोलीत मंद दिवा ठेवतो, उठताना पडू नये म्हणून. मी चूक केलं का, बुवा? जिवंत राहावी म्हणूनच केलं ना?”

“दिवा लावण्यात संध्याकाळ जायची म्हनलास.”

“हो.”

“ती संध्याकाळ वाचली.”

“हो.”

“आता संध्याकाळ कशात जाती?”

“तिला जेवू घालण्यात,” धैर्यशील म्हणाला. “मी एक घास धरतो, शुभदा एक धरते. विनवण्या करतो, रागावतो. शुभदा रडते. मग मी…”

तो बोलता बोलता थांबला.

स्वतःचंच बोलणं त्याला उशिरा ऐकू आलं होतं.

…

बुवा उठले. भिंतीचा आधार घेत आत गेले, समई घेऊन आले आणि दोघांच्या मध्ये ओसरीवर ठेवली. समई घासलेली होती. त्यांनी तिच्यात तेल घातलं. हात कापला, थोडं सांडलं, ते त्यांनी बोटाने पुसून डोक्याला लावलं. ताटलीतली वात उचलून तेलात भिजवली. मग काडेपेटी समईशेजारी ठेवली आणि बसून राहिले.

धैर्यशील वाट बघत होता. आता लावतील, मग बोलतील, मग आपण निघू.

बुवा लावेनात.

डोंगरापलीकडे सूर्य गेला. मठाच्या आवारातला चाफा आधी काळपट झाला, मग त्याची पानं एकमेकांत मिसळून गेली. खाली गावात एकेक घर उजळायला लागलं. मठातही दिव्याचं बटण होतं, धैर्यशीलला ते दिसत होतं, पण बुवा तिकडे बघतही नव्हते.

त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहात वर, चेहऱ्यापासून थोडा लांब. तो बघितला, खाली ठेवला.

थोड्या वेळाने पुन्हा केला. पुन्हा बघितला. पुन्हा ठेवला.

धैर्यशील ताठ झाला.

हा हात त्याने बघितला होता. असाच, एवढ्याच अंतरावर धरलेला. ऑफिसात, जेवताना, सिग्नलला गाडी थांबली की, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता टेबलाखाली. मोबाईलच्या काचेवर दिसणारा तो लहानसा हात त्याने डॉक्टरांना दाखवला होता.

“बुवा… हे काय करताय?”

“बघतोय.”

“काय?”

“रेघा. आमच्या गुरूंनी लावलेली सवय. इथं झाडाया येनाऱ्या पोरीबी तीच शिकल्या. घड्याळ कुनाकडं हुतं? हाताच्या रेघा दिसत्यात तवर दिवस. दिसंनाशा झाल्या की सांज. मग दिवा. मग जेवान.” त्यांनी पुन्हा हात धरला. “अजून दिसत्यात.”

धैर्यशीलने मान फिरवली.

त्याला ते मान्य करायचं नव्हतं. माणूस हुशार असला की त्याला असं चटकन मान्य करता येत नाही. शास्त्र आहे, डॉक्टर आहेत, तपासण्या झाल्यात, असं त्याचं मन जोरजोरात सांगू लागलं. आणि ते बोलून दाखवायच्या ऐवजी त्याने सवयीने मोबाईल उचलला आणि त्याचा दिवा लावला. अंधारात चाचपडायला नको म्हणून, की तो हात बघवेना म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पांढरा उजेड बुवांच्या तळहातावर पडला. एकूण एक रेघ दिसायला लागली. बुवांनी हात तसाच पुढे धरून ठेवला.

“झालं,” ते शांतपणे म्हणाले. “दिवस उगवाया लावलास परत.”

“बुवा…”

“आता पुन्यांदा थांबाया पायजे.”

त्यांनी आपला तळहात मोबाईलच्या दिव्यावर ठेवला. बोटांच्या कडा लाल दिसल्या. त्यांनी हात काढला नाही. धैर्यशीलने दिवा बंद केला तरी काही वेळ तो हात तिथेच होता, गरम, खरखरीत, त्याच्या बोटांवर टेकलेला.

मग दोघेही अंधार पडायची वाट बघत बसले.

धैर्यशीलला आठवेना की आपण शेवटची अशी वाट कधी बघितली होती. लहानपणी बघायचा. पटांगणात खेळ रंगात आलेला असायचा आणि आई दारात उभी राहून स्वतःच्या हाताकडे बघायची. बघून आत जायची. म्हणजे अजून थोडा वेळ आहे, असं पोरांना कळायचं. पुन्हा यायची, पुन्हा बघायची. आणि मग ती हाक यायची: “धैर्या, सांज झाली रं, चल जेवाया.” ती नेमकं काय बघते ते त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. आया असं काहीतरी करतात, एवढंच त्याला माहीत होतं.

आता ती देवापुढे बसून हात धरत होती, आणि तिच्या लेकाने घरात असा उजेड करून ठेवला होता की त्या हाताच्या रेघा पुसल्याच जाणार नव्हत्या. रिकामी काडेपेटी मुठीत घेऊन ती किती दिवस त्या एका संध्याकाळची वाट बघत बसली होती.

तो रडला. आवाज न करता, पण चांगलाच रडला. अंधार होता, म्हणून त्याने तोंड पुसायचीही घाई केली नाही.

“हात बघ तुझा,” बुवा म्हणाले.

त्याने हात पुढे धरला. तळहात होता, बोटं होती. रेघा नव्हत्या.

“दिसत नाहीत,” तो म्हणाला.

“मग लाव.”

बुवांनी काडेपेटी त्याच्या हातात दिली. पहिली काडी विझली. दुसरी वातीपर्यंत पोचली, पण वात तेलात बुडाली होती, ती बोटाने वर काढावी लागली. बुवा काही सांगत नव्हते. ते नुसते शेजारी होते, आणि त्यांनी एका हाताने त्याच्या शर्टाची बाही मागे धरून ठेवली होती.

वात पेटली. उजेड लहान होता. समई, दोन हात आणि वातींची ताटली, एवढंच त्यात दिसत होतं.

“भूक लागली?” बुवांनी विचारलं.

धैर्यशील चपापला. लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

“लागली.”

“भाकरी हाय. देतो.”

पण ते उठले नाहीत. त्यांनी समईपलीकडून त्याच्याकडे बघितलं.

“काढ ते तुझं. बोलतो म्हनलं हुतं तुला.”

धैर्यशीलने मान हलवली. “नको, बुवा. राहू दे. मी जातो घरी. मी स्वतःच…”

“काढ,” बुवा म्हणाले. “कबूल केलंय मी.”

त्याने मोबाईल काढला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्याला बटण नीट दिसेना. मग दिसलं. त्याने ते दाबून मोबाईल बुवांच्या तोंडापाशी धरला. 

“हे घरात वाजतंय नव्हं?”

“सगळ्या घरात वाजतं.”

“आन् घर ऐकतं?”

“…ऐकतं.”

बुवा थोडे पुढे वाकले. झोपलेल्या लेकराला उठवायचं असावं तितक्या हळू आवाजात ते म्हणाले,

“घरा, जरा डोळं मीट. हौसाबाईला दिवा लावायचा हाय.”